वीरभद्रप्पांचे कोळी-खेकडे

उदगीरच्या मोंढ्यात तुरीचा सौदा ऐन रंगात आलेला असताना कुणी खेकड्यांवर बोलू लागलं, की ओळखावं, वीरभद्रप्पा आले. माणूस गळ्यात लिंग बांधणारा, अंडं घातलेला केकसुद्धा न चालणारा. समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. पण इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा, कोळीकिड्यासारख्या लांब पायांचा कोळी-खेकडा कोणत्या वयात कुठे राहतो, हे त्यांना तोंडपाठ आहे.

माझं बियाण्यांचं दुकान त्यांच्या आडतीला लागून, त्यामुळे पहिला मारा माझ्यावर.

"राजाभाऊ, पिल्लू हाय तवर ते किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात ऱ्हातंय. पाठीवर शेवाळ चिकटवून घेतंय, कुणाला दिसू नये म्हणून. वाढलं की कात टाकतंय. असं करत करत एक शेवटची कात. मग वाढ बंद, अन् निघालं खोल पाण्यात."

हे ज्ञान अप्पांनी साऱ्या गावाला लावलं. पुढाऱ्यामागे नवा गमछा घालून फिरणारा पोरगा दिसला की म्हणायचे, "शेवाळ लावलंय बघा." लातूरला शिकवणीला गेलेलं पोर "अजून उथळच". पुण्यात नोकरी धरून तिथेच फ्लॅट घेतलेला मात्र "गेला खोलात". माझा साडू घरजावई झाला, तेव्हा त्याला पाहून म्हणाले, "हे कात न टाकताच गेलंय." साडू अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

हे वेड लावलं त्यांच्या एकुलत्या एका मुलीने. गौरी खेकड्यांचा अभ्यास करायला विलायतेला गेली. अप्पांची बायको तिच्या लहानपणीच वारली, त्यामुळे घरात हे एकटे. रविवारी दुपारी गौरीचा फोन येतो आणि त्या फोनवर त्यांचा सगळा आठवडा चालतो.

गेल्या दिवाळीला ती आली, तेव्हा एका खेकड्याने टाकलेली कात घेऊन आली. लांबलचक पायांसकट अख्खं कवच. आता देवघर असलेल्या घरात हे ठेवायचं कसं? मोंढ्यात दोन तट पडले. शेवटी अप्पांनी ते खोक्यात घालून जंगमस्वामींपुढे नेलं. मी सोबत होतो. स्वामींनी लांबूनच मान वाकवून पाहिलं.

"जीव गेला का ह्याच्यात?"

"न्हाई स्वामी. जीव चालत गेला पुढं. हे नुसतं मागं ऱ्हायलंय."

"मंग अंगरखाच की. ठेवा."

तेव्हापासून ते बैठकीत काचेच्या कपाटात आहे. आता फक्त विभूती लावायची राहिली आहे, असं मी त्यांना चिडवतो.

एकदा मी विचारलंच, "अप्पा, तूर-हरभरा सोडून हे कशाला?"

ते तुरीचे दाणे तळहातावर घोळवत राहिले. "आधी फोनवर काय, जेवलीस का, थंडी हाय का. बोलणं लगेच संपायचं. एकदा सहज इचारलं, तुझे खेकडे कसे हायत? लई येळ बोलली ओ. माझा चहा थंड झाला."

मग मी चिडवणं जरा कमी केलं.

परवाच्या रविवारी मी त्यांच्याकडेच बसलो होतो. अप्पांचा प्रश्न तयार होता. मादी खोल पाण्यात गेली तरी पिल्लं सोडायला पुन्हा उथळ पाण्यात येते म्हणे, मग तिथे किती दिवस राहते? आठवडाभर हाच प्रश्न त्यांनी मला ऐकवला होता.

फोन आला. गौरीचा आवाज बैठकभर ऐकू येत होता.

"अप्पा, मी खेकड्यांचं काम सोडलं. इथंच एका विमा कंपनीत लागले. आता कायमची इकडं विलायतेतच राहणार."

अप्पांनी हातातला चष्मा उगाच पुसला. मला फार वाईट वाटलं. तिच्या नोकरीचं नव्हे, आता ह्या माणसाने रविवारी बोलायचं काय, ह्याचं.

"अप्पा, ऐकताय ना? रागावलात?"

"न्हाई गं."

आडतीच्या गोदामाचा विमा दरसाल स्वतः उतरवणारे, त्यातल्या एकेका अटीवर एजंटाशी तासभर हुज्जत घालणारे वीरभद्रप्पा खुर्ची फोनजवळ ओढत म्हणाले, "इमा म्हंजे नेमकं काय असतंय, यव्वा? मला त्यातलं काईच कळत न्हाई. पहिल्यापासून सांग."