सादिरबेक पळाले त्या दिवशी

"बागेत बुद्धिबळ खेळायला चाललोय," असं बायकोला सांगून सादिरबेक पिशवी घेऊन निघाले. पिशवीतून पळायच्या बुटाची नाडी लोंबत होती. बातमाने ती आजही पाहिली.

"मी पण बहिणीकडे जाऊन येईन म्हणते," एवढंच ती म्हणाली.

जन्मभर ट्रॉलीबस चालवलेल्या या माणसाला साठी उलटल्यावर पळायची हुक्की आली ती नातवापायी. पोर उभं राहायला लागलं होतं. रविवारी त्याच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधायची, आज्या-आजोबांची शर्यत लावायची, जिंकेल त्याने दोरी कापायची आणि मग पोर जन्मभर त्याच्यासारखं चालणार, हे आमच्याकडे सगळेच मानतात. थोरल्या मुलाच्या पोरांच्या वेळी सादिरबेक पोट सावरत शेवटून पहिले आले होते. आता हा शेवटचा नातू. आणि समोर व्याही जापार. टोकमोक गावचे, मेंढरांमागे हिंडून काटक झालेले. लग्नात सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आमचे व्याही सगळं शहर फिरलेत, पण बसून." सादिरबेकही तेव्हा हसले होते. पण ते त्यांना फार लागलं होतं.

म्हणून ही मेरिम. पन्नाशीपुढच्यांना बागेत व्यायाम शिकवणारी मुलगी.

"काका, श्वास कोंडू नका. तोंड उघडा, मोठ्यांदा सोडा."

"लोक काय म्हणतील, पोरी?"

"लोक कापणार आहेत का दोरी? तुमच्याच वयाची एक बाई येते माझ्याकडे. तिची कधी एक तक्रार नाही."

"मग तिलाच पळव ना माझ्या जागी."

"आज इथून थेट घरापर्यंत पळत जा. तिची यायची वेळ झाली."

सादिरबेक निघाले. आता आमच्या भागात म्हातारा माणूस रस्त्याने पळतो तो एकाच कारणाने. मयताचं घर जवळ आलं की पुरुषमाणूस कोपऱ्यापासून मोठ्याने रडत पळत येतो, तशी रीतच आहे. आणि सादिरबेक तर "ओऽऽह, ओऽऽह" करत स्वतःच्याच घराकडे पळत होते.

शेजारची उमसुनाय पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "भाऊ, काय झालं? बातमा कुठाय?"

सादिरबेकना दम लागला होता. त्यांनी फाटकाला धरून नुसता हात हलवला. थांब जरा, असं त्यांना म्हणायचं होतं. उमसुनायने अंगणात जाऊन बातमाला हाका मारल्या. ओ आली नाही. तिने तिथेच बसून गळा काढला.

दम परत आला तोवर गल्ली जमली होती. खरं सांगावं, तर पळण्याची खबर संध्याकाळच्या आत टोकमोकला पोचणार. सादिरबेक गप्प बसले, आणि ते गप्प बसलेले बघून लोकांची खात्रीच पटली. चार जणांनी रीतीप्रमाणे मयतासाठी अंगणात लोकरी नमद्याचा तंबू उभा करायला घेतला. बायकांनी मयताला आलेल्यांसाठी बोर्सोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळायला कढई चढवली. कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "धीर धरा. चांगली बाई होती."

आता मात्र सादिरबेक चपापले. बातमाचा फोन खिडकीतच पडला होता. त्यांनी मेव्हणीला फोन लावला.

"बातमा? ती तर महिनाभर इकडे फिरकलीच नाही," मेव्हणी म्हणाली.

एवढी माणसं उगाच रडतील का? सादिरबेक खरोखरच रडायला लागले. सकाळी आपण तिच्याशी खोटं बोललो, धड निरोपही घेतला नाही. दोरी गेली खड्ड्यात, बातमा दारातून आत येऊ दे, एवढंच त्यांना वाटत होतं.

उमसुनायने तोवर टोकमोकला कळवून टाकलं होतं. माहेरी गेलेली सून, नातू आणि एक मेंढा गाडीत घालून जापार आले, आणि रीतीप्रमाणे कोपऱ्यापासून रडत पळायला लागले. पळताना जरा लंगडत होते, पण दुःखात कोण बघतंय? त्याच वेळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाने बातमा आली, लालबुंद तोंडाने, मेरिमबरोबर. अंगणातला तंबू बघताच तिने पदराएवढा रुमाल काढून डोळ्यांना लावला.

"कोण गेलं हो, व्याही?" तिने हुंदका देत विचारलं.

"तुम्हीच की," जापार म्हणाले.

सादिरबेकनी सगळ्यांदेखत बातमाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग उमसुनाय डोळे पुसत म्हणाली, "तंबू आहे, मेंढा आहे, बोर्सोक तळलेत. पोर पण आलंय. रविवारपर्यंत कशाला थांबायचं? आजच कापा दोरी."

पोराच्या पायांना दोरी बांधून त्याला तंबूपाशी उभं केलं, आणि कोपऱ्यापासून तंबूपर्यंत शर्यत ठरली. सादिरबेक सुटले ते थेट पुढे. दोरी अगदी समोर दिसायला लागली, तेवढ्यात मागून आवाज आला, "ओऽऽह." जापार गुडघा धरून बसले होते.

"पळा तुम्ही, व्याही. गुडघा हिवाळ्यापासूनच कामातून गेलाय. कुणाला बोललो नव्हतो."

सादिरबेकनी दोरीकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं, आणि मागे फिरून त्यांना खांद्याचा आधार दिला. तेवढ्यात शेजारून झगा खोचून, तोंड उघडून बातमा सुसाट गेली.

"काकू, श्वास सोडा, श्वास," मेरिम ओरडत होती.

बातमाने दोरी कापली. सादिरबेक व्याह्यांना घेऊन पोचले आणि बघतच राहिले. "म्हणजे तिची ती शिष्या तू? आणि बहीण?"

"आणि तुमचं बुद्धिबळ?" बातमा म्हणाली. "बुटाची नाडी काय आजच दिसली? पहिल्या दिवशीच समजले. म्हटलं, तुम्ही हरलात तरी दोरी आपल्या घरात राहू दे."

मोकळं झालेलं पोर सादिरबेककडे बघून निघालं. एकेक पाऊल टाकत, पोट पुढे काढून, तोंड उघडून, प्रत्येक पावलाला "ओऽह, ओऽह" करत.

"काही उपयोग नाही," जापार गुडघा चोळत म्हणाले. "दोरी कुणीही कापा, पोरगं तुमच्यावरच गेलंय."