मयतातर्फे आक्षेप

गाडी घेणं हा खासगी व्यवहार आहे. गाडी विकणं ही सार्वजनिक चौकशी आहे. घेताना माणसाला रंग कुठला हवा ते विचारतात, विकताना आजवर काय काय केलंत ते विचारतात. हे योग्यच आहे. ज्यानं कधी गाडी विकलेली नाही त्याचं चारित्र्य स्वच्छ असेलही, पण ते तपासलेलं नाही, एवढंच मी म्हणेन.

हे मी जबाबदारीनं बोलतो. मी स्वतः जन्म-मृत्यू नोंदणी खात्यात सत्तावीस वर्षं नोकरीला आहे (मृत्यू विभाग, जन्म विभागात गोंगाट फार). त्यामुळे वाहन खात्याच्या कारभाराकडे मी सामान्य माणसाच्या आकसानं नव्हे, तर जाणकाराच्या कौतुकानं पाहतो. काकूची गाडी विकताना हे कौतुक करण्याची संधी मला जवळजवळ दीड महिना मिळाली.

गाडी खरं तर काकांची. काका घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर इतरांची वेळ नीट करायची आणि संध्याकाळी स्वतः वेळेवर घरी यायचं, असा त्यांचा क्रम. गेल्या हिवाळ्यात ते न्यूमोनियानं गेले. (नोंद मीच केली. नावात एकही चूक नाही.) काकू रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती, आता निवृत्त आहे. काकांना साखर होती आणि काकूला सुई टोचता येत होती, त्यामुळे त्यांचा संसार एकंदर सुखाचा झाला. चौदा वर्षं रोज सकाळी ती त्यांच्या बोटातून थेंब काढायची आणि वहीत आकडा लिहायची. शुक्रवारचा आकडा हटकून वर जायचा. काकूनं यंत्राला दोष दिला आणि तीन यंत्रं बदलली. काका प्रत्येक वेळी म्हणायचे, "यंत्रावर माझा विश्वास कधीच नव्हता."

काकूला गाडी चालवता येत नाही. म्हणून ती विकायची ठरली. गिऱ्हाईकही मिळालं: ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एक बाई. दिवसभर शेजारच्या सीटवरून "क्लच! क्लच!" असं ओरडून ओरडून त्यांचं नावच क्लचताई पडलं होतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार दोनदा उघडून लावलं आणि म्हणाल्या, "म्हाताऱ्यानं जपलीय हो. घेते. फक्त कागद क्लिअर करून द्या."

फक्त हा शब्द त्यांनी वापरला. त्या धंद्यात नव्या नसतानाही.

वाहन खात्याची इमारत तीन मजली आहे आणि तिला आठ खिडक्या आहेत (उजेडाच्या नव्हेत, कामाच्या). खिडकी क्रमांक सहावर जाड चष्म्याच्या एक बाई बसतात. टेबलावर रबरी शिक्के, शिक्क्यांसाठी स्टँड, स्टँड हलू नये म्हणून खाली घडी केलेलं जुनं परिपत्रक. त्यांनी गाडीचा क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिलं, मग काकूकडे पाहिलं.

"तेवीस दंड आहेत."

"शक्यच नाही," काकू म्हणाली. "त्यांनी उभ्या जन्मात सिग्नल मोडला नाही."

"सिग्नलचे नाहीतच. थांबण्यास मनाई असलेल्या जागी गाडी उभी करणे. तेवीसही. जागा एकच, वार एकच. गुरुवार. चार पस्तीस ते चार पन्नासच्या दरम्यान."

गुरुवारी काकांचं दुकान बंद असायचं. त्या दिवशी ते घड्याळांचे सुटे भाग आणायला जायचे. सुटे भाग मिळतात ती बाजारपेठ मात्र गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. नोटिसा काकांच्या मोबाइलवर जात होत्या. मोबाइल ते फक्त घड्याळं लावायला वापरत.

काकू म्हणाली, "बरं. काय असेल ते भरून टाकते."

"तसं नाही भरता येत. दंड मालकाला कबूल करावा लागतो."

"ते वारले."

"दाखला?"

मी दाखला पुढे सरकवला. बाईंनी तो उजेडात धरून पाहिला. "दाखला सुरेख आहे," त्या म्हणाल्या. (मी मान किंचित झुकवली.) "पण यात कबुली नाही."

इथे खात्याच्या बुद्धीला दाद द्यावी लागते. मयत व्यक्तीला गुन्हा कबूल करता येत नाही. परंतु ती गप्प राहते, याचा अर्थ तिला गुन्हा मान्य आहे असाही काढता येत नाही. सबब, मयताचा आक्षेप आहे असं गृहीत धरावं लागतं. तो आक्षेप वारसानं 'मयतातर्फे आक्षेप' या नमुन्यात दाखल करायचा, खात्यानं पुराव्याचं छायाचित्र दाखवून तो फेटाळायचा, आणि फेटाळला की दंड सिद्ध होऊन भरता येतो. म्हणजे भरायचं असेल तर आधी भांडायचं आणि मग हरायचं. एका दिवशी एकच आक्षेप. एकाच मयताला एका दिवसात अनेकदा त्रास देऊ नये, अशी खात्याची भूमिका आहे.

नमुन्यात एकोणीस रकाने होते. अकरावा असा: 'वाहन उभे करतेवेळी चालकाची मनःस्थिती.'

"हे मी कसं सांगू?" काकूनं विचारलं.

"अंदाजे लिहा," बाई म्हणाल्या.

काकूनं लिहिलं, 'शांत.'

पहिल्या सहा दिवसांत सहा छायाचित्रं झाली. सगळ्यांत गाडीचा मागचा भाग, नंबर प्लेट आणि कोपऱ्यात वेळ. गाडीत कुणी नाही. काका कुठे गेले ते छायाचित्रात येत नव्हतं. ते आमच्या घरात मात्र येऊ लागलं. माझ्या आईनं, "मला काही म्हणायचं नाही," असं म्हणून सगळं म्हटलं. आत्यानं फोनवर विचारलं, "त्या रस्त्यावर राहतं तरी कोण?" सहाव्या दिवशी काकूनं अकराव्या रकान्यात 'शांत' खोडून 'माहीत नाही' असं लिहिलं. खाडाखोडीबद्दल बाजूला सही करावी लागली.

सातव्या दिवशी कॅमेऱ्याचा कोन बदलला. बाईंनी पडदा आमच्याकडे फिरवला. गाडीला टेकून काका उभे होते. मागे एका दुकानाची पाटी अर्धी दिसत होती, आणि काकांच्या हातात आइस्क्रीमचा कोन होता.

काकूनं चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हे मोठं करता येतं का?"

बाईंनी मोठं केलं. काकांचे डोळे मिटलेले होते.

"चौदा वर्षं!" काकू इतक्या मोठ्यानं ओरडली की खिडकी क्रमांक तीनवरचा शिक्का भलत्याच कागदावर पडला. "चौदा वर्षं मी या माणसाला दोन बिस्किटं मोजून देत होते! तीन यंत्रं बदलली मी! कंपनीला पत्र लिहिलं होतं, तुमचं यंत्र खोटं बोलतं म्हणून!"

"आक्षेप फेटाळू ना?" बाईंनी हळूच विचारलं.

"फेटाळा! आणखी काही फेटाळता येत असेल तर तेही फेटाळा!"

बाहेर जिन्यात आल्यावर ती कठडा धरून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी रुमाल काढला, पण ती हसत होती. "डोळे मिटून खात होता रे मेला," ती म्हणाली. हसता हसता तिनं रुमाल घेतला, आणि मग तो परत द्यायला तिला बराच वेळ लागला.

त्यानंतर काकूचं वागणं खात्याच्या दृष्टीनं चिंताजनक होत गेलं. आठव्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून आली. नवव्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी अर्धा तास आली. "आज कुठला आहे बघू," असं ती बाईंना म्हणायची आणि खुर्ची पुढे ओढायची. पिस्त्याचा रंग, गुलाबी रंग, एकदा तर शर्टावर सांडलेला. "हा डाग मी तीनदा घासला," काकू म्हणाली. "मला म्हणाला, घड्याळाचं तेल आहे." अकराव्या रकान्यात आता 'खुशीत' असं येऊ लागलं. एकदा तिनं 'फारच खुशीत' लिहिलं, तेव्हा बाईंनी 'फारच' ला आधार मागितला.

क्लचताईंचा मात्र धीर सुटत चालला होता. "अहो, माझे शिकाऊ खोळंबलेत," त्या फोनवर म्हणायच्या. "गाडी विकताय का सिनेमा बघताय?"

पंधराव्या दिवशी गोष्ट बिघडली. छायाचित्रात काका गाडीत बसत होते, दार उघडं होतं, आणि त्यांच्या हातात दोन कोन होते. दोन. शेजारची सीट खांबाआड गेली होती.

काकूनं मोठं करायला सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी पडदा परत स्वतःकडे वळवला, शिक्के उगाच सरळ केले आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "एक नवीन परिपत्रक आलंय. खिडकी क्रमांक सात. वारसानं एक शपथपत्र द्यायचं की उरलेल्या दंडांबाबत काही पाहायचं नाही, काही विचारायचं नाही. सगळं एकदम भरून घेतात. छायाचित्रं त्याच दिवशी पुसून टाकतात. आज दुपारपर्यंत मोकळ्या व्हाल."

मीही तेच म्हणालो. मृत्यू विभागात एवढी वर्षं काढल्यावर माणसाला कळतं, की नोंद जितकी थोडक्यात तितकी घरच्यांना बरी. क्लचताईही तेच म्हणाल्या, आई तर म्हणालीच. काकूनं शपथपत्राचा कोरा कागद घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती खिडकी क्रमांक सहासमोर उभी होती. साडी कालचीच. कागद पर्समध्येच.

"पुढचा दाखवा," ती म्हणाली.

"बाई, मी सांगते ते ऐका..."

"चाळीस वर्षं लोकांचं रक्त तपासलंय मी. रिपोर्ट न बघता कधी पाकीट बंद केलं नाही. दाखवा."

बाईंनी पडदा फिरवला. मागचा गुरुवार आणि हा गुरुवार यांत आठवड्याचं अंतर, कोन मात्र आता समोरचा. काका चालकाच्या जागी. दोन्ही हातांत एकेक कोन. उजव्यातला अर्धा संपलेला, डाव्यातल्याचा नुकताच एक लचका तोडलेला. शेजारच्या सीटवर त्यांची टोपी होती. दुसरं कुणीही नव्हतं.

"दोन्ही स्वतःच!" खिडकी क्रमांक सहावरच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या सेवेतलं नमुन्याबाहेरचं हे बहुधा पहिलंच वाक्य.

काकूनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणजे आकडा एवढा का वर जायचा ते कळलं," ती म्हणाली.

उरलेले सात आक्षेप रीतसर फेटाळले गेले. पैसे भरले, 'दंड निरंक' दाखला मिळाला. हा दाखला सात दिवस टिकतो (निष्कलंक राहण्याची मर्यादा खात्यानं अनुभवावरून ठरवली असावी). दाखला मिळाला तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी क्लचताई गाडी चालवून बघायला म्हणून आल्या आणि काकूला शेजारी बसवून घेऊन गेल्या. परतायला संध्याकाळ झाली. दोघींनी मला काही सांगितलं नाही.

सोमवारी आम्ही गाडी काकूच्या आणि तिथून क्लचताईंच्या नावावर करायला गेलो.

"दाखला रद्द झालाय," बाई म्हणाल्या. "चोविसावा दंड. गुरुवार, चार चाळीस. जागा तीच." त्यांनी फाईल उलटली. "गाडी अजून मयतांच्या नावावर आहे. म्हणजे मयतांनी मृत्यूनंतर साडेचार महिन्यांनी पुन्हा तोच गुन्हा केलाय. सवय सुटलेली दिसत नाही."

मी क्लचताईंकडे पाहिलं. इतरांना गाडी कुठे उभी करायची ते शिकवून पोट भरणारी ही बाई छताच्या पंख्याकडे पाहत होती.

छायाचित्रात दोघीजणी गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या. क्लचताईंचं लक्ष कोनकडे होतं. काकू मात्र सरळ कॅमेऱ्यात बघत होती, नाकाला आइस्क्रीम लागलेलं.

"आक्षेप?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाली. "पण नियमाप्रमाणे घ्यावाच लागणार ना? द्या नमुना." आणि अकराव्या रकान्यात तिनं न थांबता लिहिलं, 'छान.'

छायाचित्राची प्रत देण्याची तरतूद नाही. बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी चोवीसही छापून काढली, 'तपासणीसाठी' म्हणून काउंटरवर ठेवली आणि पाणी प्यायला गेल्या. त्या परत आल्या तेव्हा काउंटर रिकामं होतं. हा प्रकार मी पाहिलेला नाही.

गाडी आता क्लचताईंकडे आहे. तिच्या छपरावर लाल अक्षरांची पाटी आहे आणि तिचा क्लच दर महिन्याला नव्या माणसाचं पाप भोगतो. काकूच्या साखरेचा आकडा उत्तम आहे, शुक्रवार सोडून.

खात्याच्या आकडेवारीनुसार खिडकी क्रमांक सातच्या शपथपत्राचा लाभ शंभरातले सत्त्याण्णव जण घेतात. उरलेल्या तिघांपैकी एक काकू. बाकीच्या दोघांना परिपत्रक मिळालं नव्हतं. ही कथा वाचून तुम्ही म्हणाल की आम्हीही सहा नंबरलाच गेलो असतो. अवश्य या. वेळ साडेदहाची आहे. येताना स्वतःच्या गाडीचा क्रमांक आणा, आणि घरचं माणूस सोबत आणून खुर्चीत शेजारी बसवा. पडदा दोघांना दिसेल एवढा मोठा आहे. दारातला शिपाई तुम्हाला काही विचारणार नाही. तो फक्त तुमच्यासोबत कुणी आहे का ते बघतो, आणि तुम्ही एकटेच दिसलात की न बोलता बोटानं सात नंबरची रांग दाखवतो.