राजपुऱ्याच्या नालीचा हिंदी अर्ज

मी गल्ली सुधार मंडळाचा चिटणीस झालो, तो केवळ खराटा हातात धरावा लागू नये म्हणून.

राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीची नाली तुंबली होती. तशी ती वाहायची बऱ्यापैकी, पण आमच्या ओट्यापाशी तिला एक वळण होतं आणि वरच्या घरांतून निघालेलं सगळं तिथं विसाव्याला थांबायचं. एका रविवारी पंडित शिंप्याच्या दुकानात सभा भरली. पंडितला अध्यक्ष केलं, कारण दुकान त्याचं होतं. दर रविवारी घरटी एकानं खराटा घेऊन यायचं, असं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या तसा मी घाईघाईनं म्हणालो, की हे ठीकच आहे, पण असल्या कामात लिखापढीही फार लागते. मी तहसील कचेरीत नकलनवीस, माझं अक्षर वळणदार. (त्या अक्षरात मी जन्मभर दुसऱ्यांचेच मजकूर उतरवत आलो, हे सभेत बोललो नाही.) कुणी हरकत घेतली नाही.

दोन रविवार नाली साफ झाली. तिसऱ्या रविवारी कुणाकडे पाहुणे आले, चौथ्या रविवारी कुणाकडे लग्न निघालं आणि खराटे आपापल्या कोपऱ्यात गेले. शिवाय साफ केलेली नाली दोन दिवसांत पुन्हा भरायचीच. भरणारी घरं तीन. धुरपदाबाई शहराच्या जुन्या वेशीच्या दरवाज्यापाशी केळी विकायच्या. नासकी केळी आणि पानं घरी परतताना नालीत. लोटूच्या दोन म्हशी होत्या. त्यांचं सगळं नालीत. आणि तिसरे आमचे अध्यक्ष. पंडितच्या दुकानातल्या चिंध्या वाहत येऊन केळीच्या पानांना असा पीळ घालायच्या, की पाण्यालाही वाट विचारावी लागे.

आमची शारदा म्हणाली, तिघंही चार घरांच्या अंतरावर राहतात, जाऊन सांगा. मी तिला समजावलं, की तोंडावर सांगितलं तर संबंध बिघडतात. तक्रार केली तर कळत नाही आणि संबंध टिकतात. भाजी निवडताना ती नुसती माझ्याकडे बघते, तेव्हा मला कचेरीतल्या मोठ्या साहेबांची आठवण होते.

साल सत्तावन्न. आदल्या नोव्हेंबरात राज्याची नवी मांडणी झाली होती. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि आमच्या कचेरीत मराठी पाहुण्यासारखी अंग चोरून बसू लागली. अर्ज मराठीत गेला तर तो वाचणारा सापडेपर्यंत पावसाळा येईल, म्हणून मी तो हिंदीत लिहायचं ठरवलं. शारदा म्हणाली, हिंदी येणाऱ्या कुणाला तरी दाखवून घ्या. मला हसू आलं. मराठी वाक्याच्या शेवटी 'है' लावलं की हिंदी होते, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. तिघांची नावं घालून मी शेवटी ठसक्यात लिहिलं: 'इन तीनों को मेरे घर के सामने, सबके देखते, ऐसी शिक्षा दी जाए कि जन्मभर याद रहे।' अर्ज खंडव्याला जिल्हा कचेरीत धाडला आणि गल्लीत कुणाला पत्ता लागू दिला नाही.

दोन महिन्यांनी, संध्याकाळी मी ओट्यावर चहा घेत बसलो असताना एक पन्नाशीचे गृहस्थ छत्री आणि पत्र्याची पेटी घेऊन उभे राहिले. पेटीत पाट्या होत्या, पेन्सिली होत्या आणि माझा अर्ज होता. ते गुरुजी होते. प्रौढांचा वर्ग चालवायला त्यांना पाठवलं होतं, आमच्या ओट्यावर.

मी म्हणालो, काहीतरी घोटाळा आहे. त्यांनी अर्ज पुढे केला. समासात तांबड्या शाईनं शेरा होता: 'आवेदक ने दंड नहीं, शिक्षा माँगी है। अनुकरणीय।'

"बाबूजी," गुरुजी म्हणाले, "पच्चीस बरस से पढ़ा रहा हूँ. कचरा डालनेवालों के लिए किसी ने पढ़ाई माँगी हो, ऐसा आदमी पहली बार देखा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडची शिक्षा म्हणजे त्यांच्याकडची सजा, आणि त्यांच्याकडची शिक्षा म्हणजे शाळा. मी तोंड उघडलं होतं, पण दारात शारदा उभी होती. ती माझ्याकडे तशीच बघत होती. मी तोंड मिटलं आणि गुरुजींना चहा विचारला.

गुरुजींनी गल्लीत उभं राहून तीन नावं पुकारली. कचऱ्याचं त्यांनी काढलं नाही, भले गृहस्थ होते. बाबूजींनी तुमच्यासाठी सरकारकडून शाळा मागून आणली आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. लोटू म्हशी बांधायच्या सोडून आला आणि डोक्याचं मुंडासं काढून उभा राहिला. पंडितला मापं लिहायला दुसऱ्याची विनवणी करावी लागे, त्यानं माझा हात बराच वेळ सोडला नाही. धुरपदाबाई साठीच्या. त्यांचा मुलगा भुसावळला रेल्वेत, त्याची कार्डं येत. त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, माझं नाव तुम्ही सोता लिहिलं? मले वाटलं व्हतं, अंगठा उठवतच मरीन मी."

मला त्या क्षणी नालीत उतरून उभं राहावंसं वाटलं. (जागा नव्हती. ती भरलेली होती.)

त्यानंतर आमचा ओटा आमचा राहिला नाही. फळा आला नव्हता, म्हणून गुरुजींनी दाराशेजारची भिंत कोळशानं काळी केली. चहा आमचा, सतरंजी आमची. आठवड्याभरात वर्गाला अकरा माणसं झाली. मला कचेरीतून येऊन माझ्याच घरात शिरायला 'जरा सरका' म्हणावं लागे. शारदा सातवी शिकलेली. ती बायकांची अक्षरं गिरवून घेऊ लागली आणि भाजीत मीठ विसरू लागली. आणि धुरपदाबाई रोज गुरुदक्षिणा म्हणून अर्धा डझन केळी आणत. ती वर्गात खाल्ली जात. सालं नालीत.

चार महिने असेच गेले. गल्लीत लोक मला वाकून नमस्कार करू लागले होते आणि दर नमस्काराला मी नालीकडे बघू लागलो होतो. रात्रीचं जेवण उतरेना. शारदाला वाटलं, मीठ नाही म्हणून.

एका संध्याकाळी मी घरी आलो, तर वर्ग अजून भरायचा होता. गुरुजी फाइल ठेवून खडू आणायला गेले होते. ओट्यावर धुरपदाबाई एकट्याच, मांडीवर गुरुजींची फाइल उघडी, बोट कागदावर. त्या एकेक अक्षर जोडत होत्या. "धु... र... प... दा..." मी जोडे काढायचेही विसरलो. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. मला वाटतं, वीसेक मिनिटं लागली. तेवढा वेळ मी खांबाला धरून उभा होतो.

"भाऊ, ह्यात तर मी कचरा टाकते असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "अन् शिक्षा म्हंजे काय, ते मले ठावं हाये."

"चुकलो, मावशी," मी म्हणालो. "मी सजाच मागितली होती."

त्यांनी फाइल मिटली. मग कनवटीचं एक कार्ड काढून म्हणाल्या, "पोरगा काय लिहितो विचारलं, की पोस्टमन म्हणायचा, खुशाल हाये. हर बार तेवढंच. आज मी सोता वाचलं. नातीले दात आले, दोन. हे तुमच्यापायी झालं, म्हणून काही बोलत नाही." कार्ड परत खोचत त्या म्हणाल्या, "पण भाऊ, तोंडानं सांगायचं व्हतं. चार घरं तर हायेत. मले वाटे, तुमच्यापाशी वळणापायी नाली तुंबते."

आत पेला ठेवल्याचा आवाज झाला. शारदानं सगळं ऐकलं होतं, पण तिनं विषय काढला नाही. त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून धुरपदाबाईंनी नासकी केळी लोटूच्या म्हशींना द्यायला सुरुवात केली. लोटूनं परसात खड्डा खणला. जवळच्या बहादरपूरचा एक केळीबागवाला शेणखत न्यायला गाडी घेऊन येऊ लागला. पंडितनं चिंध्यांसाठी पोतं टांगलं आणि त्यावर 'चिंधी' असं स्वतः लिहिलं, फार मोठ्या अक्षरांत. अर्जाचं धुरपदाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. महिन्याभरात आमच्या ओट्यापाशी चक्क पाण्याचा आवाज येऊ लागला. मला वाटलं, प्रकरण निभावलं.

मग कचेरीत साहेबांनी बोलावलं. खंडव्याच्या कुणीतरी तो अर्ज आमच्या कचेरीलाही पाठवला होता, कौतुकासाठी. साहेबांनी तो वाचला होता, पण त्यांचं लक्ष आशयाकडे न जाता व्याकरणाकडे गेलं. ते खूप शांतपणे म्हणाले, की हिंदीचं कामकाज वाढत चाललंय, तेव्हा आपण घराजवळचा एखादा वर्ग धरावा.

घराजवळ एकच वर्ग होता.

पहिल्याच दिवशी मी मुद्दाम चहा सावकाश संपवून, टोपी नीट करून दाराबाहेर पाऊल टाकलं, तर वर्ग सुरू झालेला. हजेरीचं पुस्तक धुरपदाबाईंकडे होतं. गुरुजींनी त्यांना मॉनिटर नेमलं होतं. त्यांनी मला शेवटच्या रांगेत लोटूशेजारी जागा दाखवली आणि म्हणाल्या, "घर इथंच, तरी उशीर?" मग जीभ किंचित बाहेर काढून, पेन्सिल दाबून दाबून त्यांनी माझं नाव लिहिलं. 'गजानन'मधल्या शेवटच्या 'न'ला त्यांनी एक काना जास्त दिला. मी चूक दाखवणार होतो, पण त्या दुसरीत होत्या आणि मी पहिलीत.