पंधरा वॅटचा अपमान

नीळकंठराव वैरागड्यांच्या घरात कुठलीही वस्तू लोड टेस्ट झाल्याशिवाय वापरात येत नसे. सगळी हयात कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासण्यात गेलेली. निवृत्त होऊन अवधपुरी कॉलनीत घर बांधलं, तरी हाताची खाज काही जाईना. नवा मिक्सर आला की त्यात भिजवलेले हरभरे गच्च भरायचे आणि तो रडायला लागेपर्यंत फिरवायचा. थोरल्या मुलीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी आग्रह कर-करून पुरणपोळ्या खिलवल्या होत्या आणि तो आडवा झाला नाही हे बघून, "टिकेल," असं म्हणत लग्नाला होकार दिला होता.

त्यामुळे धाकट्या रसिकाच्या नव्या कॉम्प्युटरकडे बाबांचं लक्ष गेलं, तेव्हाच ती धास्तावली. कॉम्प्युटर कसला, पाव किलो मिठाईच्या डब्याएवढा डबा तो. पण आज अकरा वाजता त्याच्याच भरवशावर तिचा इंटरव्ह्यू होता. असेच छोटे कॉम्प्युटर विकणारी इंदूरची एक कंपनी होती आणि ग्राहकांच्या तक्रारी फोनवर निस्तरणारी माणसं तिला हवी होती. याआधीचे दोन इंटरव्ह्यू रसिकानं घालवले होते. हाही गेला तर मुकाट्यानं बी.एड.ला ॲडमिशन घ्यायची, असं बाबांशी ठरलं होतं. आणि रसिकाला जगात कशाची भीती वाटत असेल, तर ती चौथीतल्या मुलांची.

कंपनीनं परीक्षेचं सॉफ्टवेअर पाठवलं होतं, पण डब्यात जागाच नव्हती. घराण्यातल्या झाडून सगळ्या लग्नांचे व्हिडिओ बाबांनी त्यात भरून ठेवले होते. मग आदल्या दिवशी बाबा स्वतःच न्यू मार्केटला जाऊन नवीन ड्राइव्ह घेऊन आले. बोटभर लांबीची पट्टी. कुठल्या प्रकारची आणायची ते रसिकानं दोनदा बजावलं होतं. पण दुकानदार म्हणाला, "अंकल, ये वाली सबसे तेज है," आणि बाबा विरघळले.

सकाळी पट्टी आत बसली, स्क्रूही लागला, पण कॉम्प्युटर काही तिला ओळख दाखवेना.

"बाबा, ही दुसऱ्या जातीची आहे. या मशीनला ही नाही चालत."

"का नाही चालत? फिट बसली की!"

"नुसती फिट बसून काय उपयोग? दोघांचं जुळायला पण पाहिजे ना यार!"

"लग्नात पण अगदी असंच असतं हो," सिंधूताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

बाबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "काही जातबीत नाही. बिचारीला करंट पोचत नाहीये," ते म्हणाले. जगातले सगळे आजार त्यांच्या लेखी दोनच होते, एक ओव्हरलोड आणि दुसरा लो व्होल्टेज. सिंधूताईंची अर्धशिशीही त्यांनी लो व्होल्टेजमध्येच घातली होती.

रसिकानं वाद घातला नाही. तिनं मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ उडवला, तसंही ते लग्न मोडलंच होतं. झालेल्या जागेत सॉफ्टवेअर बसवून ती अंघोळीला गेली आणि तिथंच चुकली.

बाबा डब्याच्या सेटिंगमध्ये शिरले. प्रोसेसरची पॉवर लिमिट समोर आली आणि त्यांना कोणी तोंडावर शिवी द्यावी तसं झालं.

"पंधरा वॅट! अगं सिंधू, ऐकलंस का? पंधरा! आपल्या बाथरूमचा बल्ब याहून जास्त खातो!"

"तो नऊचा आहे. तुम्हीच आणलाय."

पण ज्या माणसानं मेगावॅटमध्ये आयुष्य काढलं, त्याला पंधरा वॅट कसे सोसावेत? बाबांनी लिमिट सरळ पस्तीसवर नेऊन ठेवली. मग रीतसर लोड टेस्ट म्हणून त्यांनी सात-आठ लग्नं एकदम चालू केली. सनई, मंगलाष्टकं, पंगत, सगळं एकाच वेळी सुरू झालं आणि पडदा काळाठिक्कर पडून डबा बंद झाला.

"तापलाय," बाबांनी निदान केलं आणि डबा उचलून कूलरच्या पुढ्यात नेऊन ठेवला. रसिका बाहेर आली तेव्हा तो पुन्हा चालू झाला होता आणि बाबा पेपर वाचत होते.

"इथे कशाला ठेवलाय?"

"जरा गार वाऱ्यात बरा राहील. उन्हाळा किती आहे!"

अकरा वाजता रसिका चांगला कुर्ता घालून बसली. पडद्यावर इंदूरचे सत्यजित सर आणि अपर्णा मॅडम उगवले.

"तो रसिका जी, अपने बारे में कुछ..."

डबा बंद. तिनं तो पुन्हा चालू केला. या वेळी परीक्षेचा पहिला प्रश्न दिसला आणि डबा बंद. कॅमेरा आणि परीक्षा सुरू झाली की तो मान टाकायचा. शेवटी रसिकानं मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवला आणि त्यावरून कॉल लावला. "सॉरी सर, सिस्टिम में थोड़ी प्रॉब्लेम..."

इतक्यात हातात स्क्रू ड्रायव्हर आणि अंगात बनियन अशा थाटात बाबा मागून आत आले.

"फिर बंद हुआ ना? इन कंपनियों का माल ही मरियल है! एक नंबर के चोर!"

त्यातलीच एक कंपनी बरणीला टेकून हे सगळं ऐकत होती. रसिकाचे कान तापले. डोळ्यांसमोर चौथीचा वर्ग उभा राहिला, फळ्यासकट. तिला रडावंसं वाटत होतं, त्याहून जास्त ओरडावंसं वाटत होतं. पण आपण ओरडलो की बाबा दुप्पट ओरडतात आणि मग मूळ प्रश्न बाजूलाच राहतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"बाबा, तुमचं बरोबर आहे. लोडचाच प्रॉब्लेम दिसतोय."

भांडायच्या तयारीनं आलेले बाबा जागच्या जागी अडखळले. "आहेच मुळी!"

"मग तुम्हीच बघा ना. ॲडॉप्टरवर किती लिहिलंय?"

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून ॲडॉप्टर नाकाशी धरला. "छत्तीस वॅट."

"आणि प्रोसेसर जास्तीत जास्त किती खातो?"

"पस्तीस!" हा आकडा त्यांनी मुलाचे मार्क सांगावेत तसा सांगितला. काल तर तो पंधरा होता. रसिकानं तोंडाशी आलेला प्रश्न परत घशात ढकलला.

"पस्तीस. बरं. मग आतला पंखा, मेमरी, ड्राइव्ह, कॅमेरा, हे सगळं कशावर चालतं?"

"छत्तीसवरच की. त्यातले पस्तीस गेले, म्हणजे उरला..." बाबा थांबले. असा हिशेब कोणी टेबलावर आणला असता, तर कारखान्यात त्यांनी त्याला कागदांसकट हाकललं असतं. त्यांचा चेहरा लाल झाला. "अरे, हा तर धडधडीत ओव्हरलोड! कुठल्या गाढवानं लिमिट एवढी वाढवली?"

सिंधूताई झारा घेऊन दारात आल्या होत्या आणि गाढवाचं नाव सांगायला त्यांनी तोंडही उघडलं होतं. रसिकानं डोळ्यांनीच त्यांना थोपवलं. बाबांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग हळूहळू उतरत गेला.

"सेटिंग कधीकधी आपोआप बदलतं, बाबा," रसिका अगदी शांतपणे खोटं बोलली. "पंधरावर आणून बघू या का? तुमच्या मते सेफ राहील ना?"

"सेफ म्हणजे... मार्जिन चांगलं मिळेल," बाबा म्हणाले. जणू ही कल्पना त्यांचीच. त्यांनी स्वतःच्या हातानं लिमिट खाली आणली. "आणि ही पट्टी?"

"पट्टी उत्तम आहे. या डब्याच्या नशिबात नाही, एवढंच. दुकानदार बदलून देईल."

"न देऊन सांगतो कुणाला!" बाबा शर्ट शोधायला आत गेले.

डबा चालू झाला आणि चालूच राहिला. रसिकानं मोबाइलकडे वळून बघितलं. सत्यजित सरांनी तोंडावर हात धरला होता आणि अपर्णा मॅडमची फक्त भांगाची रेघ दिसत होती, कारण त्यांनी टेबलावर डोकं टेकवलं होतं. संपलं, रसिकाला वाटलं. इंदूरच्या माणसांना मराठी कळतं, हे ती विसरूनच गेली होती.

"सॉरी सर. टेस्ट शुरू करूँ?"

"टेस्ट रहने दीजिए," सत्यजित सर डोळे पुसत म्हणाले. "ये बताइए, ये कस्टमर आपके पास कब से हैं?"

"जन्म से, सर."

रसिकाला नोकरी लागली. कंपनीनं बाबांनाही सोडलं नाही. आता दर शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसतात आणि कंपनीची नवी पोरं एकेक करून त्यांच्याशी बोलतात. आपण कंपनीचे तांत्रिक सल्लागार आहोत, असं बाबांनी अख्ख्या अवधपुरीत सांगून ठेवलंय. त्या पोरांची परीक्षा एवढीच असते, की न भांडता या गृहस्थांकडून त्यांची चूक कबूल करून घ्यायची. अजून एकही पास झालेला नाही. खरं काय ते सिंधूताईंच्या पुष्कळदा ओठांवर येतं. पण शनिवारी घरात तेवढीच घटकाभर शांतता मिळते, म्हणून त्या काही बोलत नाहीत.