आमेनच्या आधी

"भेटायला जा, जेवण पोचव, काय हवं ते कर. पण 'माझं चुकलं' म्हणायचं नाही," रिसॉर्टच्या वकीलबाईंनी थेनला बजावलं. "कोर्टात ती कबुली ठरते."

थेन बावीस वर्षं युटातल्या त्या स्की रिसॉर्टवर उड्यांसाठी बर्फाचे रॅम्प बांधत होता. अर्धवट रॅम्पला दोरी बांधून तो बंद करायचा, हा त्याचा शिरस्ता. त्या शनिवारी मात्र दोरी खाली बर्फात पडलेली सापडली, आणि शेजारी पाय मोडलेला त्याचा जुना मित्र लवार. वय एकसष्ट. नातवंडांना उडी दाखवायला गेला होता. दोरी बांधली की विसरलो, हे थेनला काही केल्या आठवेना. लवारच्या जावयाने रिसॉर्टवर दावा ठोकला.

लवारच्या घरची विचारपूस चर्चने वर्षानुवर्षं थेनकडेच सोपवलेली. ती चुकवणं त्याला शक्य नव्हतं. दर रविवारी तो चीज घातलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन जाई आणि अंग चोरून बसे.

"थंडी आहे."

"आहे बुवा," लवार प्लॅस्टरकडे बघत म्हणे. संपलं.

सहाव्या रविवारी लवारची बायको मर्लीन वैतागली. "चाळीस वर्षं तुमची तोंडं मिटत नव्हती. आता काय, बटाटे दातांत अडकले? ब्रदर थेन, निदान प्रार्थना तरी म्हणा."

थेनने डोळे मिटले. देवाशी बोलायला वकीलबाईंनी कुठे मनाई केली होती?

"हे स्वर्गातल्या पित्या, माझं चुकलं. दोरी बांधायची राहिली बहुतेक. माझ्यामुळे माझ्या मित्राचा पाय..."

मग लवारचा आवाज आला.

"पित्या, या गाढवाला सांग, दोरी बांधलेली होती. घट्ट होती. मीच सोडली. पोरांपुढे लाज वाटली, म्हणून गप्प बसलो."

"तू सोडलीस?" थेनचे डोळे खाडकन उघडले. "अरे, सहा आठवडे डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या!"

"डोळे मिटा!" मर्लीन कडाडली. "आमेन झालेलं नाही अजून."

"पित्या, माझाही वकील मला बोलू देत नाही," लवार घाईघाईने म्हणाला. "उद्या जावयाला खरं सांगायचं बळ दे. आणि ते बटाटे थांबव."

आमेन म्हटलं की पुन्हा थंडीवर यावं लागणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. भांड्यातले बटाटे निवत चालले. आमेन कोणीच म्हणेना.

"पित्या," थेन हळूच म्हणाला, "आणखी एक सांगायचं राहिलं..."