कचेरीच्या बाजूने डावा

माजी हवालदार सटवाजी यांना दोन पाय आहेत, याबद्दल कोणाचाही वाद नव्हता. वाद होता तो एवढाच, की त्यांतला जखमी कोणता.

सटवाजींचं म्हणणं, उजवा. सरहद्दीवरच्या चकमकीत तोफगोळ्याची एक कपची त्यांच्या उजव्या नडगीत घुसली. सरकारनं घायाळ सैनिकाचं पदक दिलं; कपची काढायचं मात्र राहून गेलं. पदक छातीवर आणि कपची नडगीत घेऊन सटवाजी उदगीरजवळच्या आपल्या गावी परतले आणि दोन्हींना इमानानं सांभाळत राहिले.

गावात दरसाल सप्ताह बसतो. सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नाही. गळ्यात अडकवून उभं राहायचं, आणि आपला पहारा संपला की पुढच्याच्या पाया पडून त्याच्या गळ्यात घालायची. पहाटेचा पहारा सटवाजींचा. लष्करातल्या पहाऱ्यात आणि ह्या पहाऱ्यात त्यांना एकच फरक वाटे: इथला शत्रू म्हणजे डुलकी. पण गेल्या सप्ताहात पाय असा ठणकला, की पहारा अर्ध्यात सोडून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालावी लागली. गावानं मायेनं बसायला पाट दिला. तेच जास्त लागलं.

"एवढी कपची काढून टाका बगा," नडगीला तेल चोळता चोळता सिंधूबाई म्हणाल्या. "पुढल्या सप्त्यात तुम्ही मध्येच बसलात, तर मला मंडपात तोंड वर करता यायचं न्हाई."

"मला काय बसायची हौस हाय का?"

"मंग जावा की लातूरला. मला कामून विचारून राहिले?"

सटवाजी लातूरला गेले. तिथं माजी सैनिकांसाठी चालणाऱ्या एका दवाखान्यात डॉक्टर नाझनीन नावाच्या फार मायाळू बाई होत्या. त्यांनी सटवाजींच्या लष्करी नोकरीचा सेवापट उघडला, चाळला आणि हसून म्हणाल्या, "काका, काळजी करू नका. ऑपरेशन मंजूरच आहे."

"लई उपकार झाले, मॅडम."

"डाव्या पायाचं."

सटवाजींनी आधी एका पायाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. "डावा तर ठणठणीत हाय."

"मग तर ऑपरेशन फारच सोपं जाईल."

"पण कपची उजव्यात हाय ना, मॅडम."

"काका, सेवापटात नोंद डाव्याची आहे. नोंदीतल्या पायालाच आम्हाला हात लावता येतो. दुसरा पाय तुमचा खासगी."

मग सटवाजींना आठवलं. छावणीतल्या दवाखान्यात ते खाटेवर पडले होते आणि नोंद करणारा कारकून पायथ्याला, समोर तोंड करून बसला होता. त्यानं आपल्या बाजूनं पाहिलं आणि लिहिलं. माणूस चांगला होता. लिहून झाल्यावर त्यानं पांघरूणही नीट केलं होतं. चूक अगदी साधी होती. साध्या चुकीचा त्रास हाच, की तिच्यासाठी वेगळं कार्यालय काढावं लागतं. ते नांदेडला होतं.

नांदेडला मकबूल सोबत निघाला. मकबूल उदगीरचा, पखवाजांना चामड्याच्या पुड्या चढवणारा. गावच्या सप्ताहातला पखवाज त्याच्याच हातचा. "तू कचेरीत जातोस आन् सलाम ठोकून परत येतोस," एसटीत बसता बसता तो म्हणाला. "बोलायचं काम माझ्याकडं दे."

सेवापट व सन्मान शुद्धीकरण कक्षाचे प्रमुख वीरण्णा साहेब हे कपाळभर विभूती लावलेले, मृदू बोलणारे गृहस्थ होते. सटवाजींच्या छातीवरचं पदक पाहून ते उठून उभे राहिले, हात जोडले, चहा मागवला. ज्या कचेरीत आधी चहा येतो तिथं काम लांबतं, हे अनुभवी माणूस ओळखतो. सटवाजी अनुभवी नव्हते. ते फक्त सैनिक होते.

चहानंतर प्रत्यक्ष पाहणी झाली. सटवाजींनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. साहेबांनी खुर्चीतून वाकून जखमेचा वण पाहिला, हळहळले आणि लिहिलं: डावा.

"साहेब, उजवा."

"माझ्या डावीकडंच आहे की नाही?"

"तुमच्या डावीकडं हाय. पण पाय माझा हाय."

"पाय तुमचा, नोंद आमची," वीरण्णा साहेबांनी समजूत घातली. "परिपत्रकाप्रमाणं डावं-उजवं कचेरीच्या बाजूनं धरायचं असतं. नाहीतर प्रत्येकाचं उजवं वेगळं. मग राज्य चालायचं कसं?"

मकबूल पुढं सरकला. "साहेब, खुर्चीतनं उठून जरा याच्या शेजारी येऊन बघा ना. एका मिनटाचं काम हाय."

साहेबांचा हात कपावरच थबकला. राग नव्हता, कोणी देवाला देवळातून बाहेर बोलवावं तसा धक्का होता. "अर्जदाराच्या बाजूनं पाहण्याची तरतूद नाही हो," ते म्हणाले. "मघाशी उठलो ते पदकासाठी. ते वेगळं. मात्र अर्जदाराला फिरून उभं राहण्याची मोकळीक आहे. तुम्ही माझ्याकडं पाठ करा, म्हणजे तुमचं उजवं ते माझं उजवं."

"पाठ?" सटवाजी ताठ झाले. "पाठ म्या दुश्मनाला दावली न्हाई. गाभाऱ्यातनंसुद्धा उलट्या पावलानं बाहेर येतो. तुम्हाला कशी दावू?"

मकबूलनं त्यांना कोपऱ्यात ओढलं. "अरे येड्या, आमचा इमाम रोज सगळ्यांकडं पाठ करून उभा ऱ्हातो. कोणी बुरा मानतं का? सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला. इमामाचं उजवं तेच माझं उजवं, तेच भंगारवाल्याचं उजवं. झगडाच न्हाई."

"ते नमाजाचं झालं."

"बरं. मंग सिंधूभाभीला जाऊन सांगतो, हवालदार ह्या सालीबी बसणार म्हणून."

सटवाजी फिरले. आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला त्यांनी समजून-उमजून पाठ दाखवली, आणि त्यांचे कान लालबुंद झाले.

"उजवा," साहेब आनंदानं म्हणाले. "अगदी निर्विवाद उजवा." मग त्यांची लेखणी थांबली. "पण वण कुठं आहे?"

"पुढं हाय. नडगीवर."

"मागून दिसत नाही."

"नडगी मागं कशी असंल, साहेब?"

वीरण्णा साहेबांनी जड अंतःकरणानं लिहिलं: उजव्या पायास जखम आढळून आली नाही. त्याखाली आधीच छापलेलं होतं, की जखम न आढळल्यास पदक परत मागविण्याबाबत विचार व्हावा. "हे माझ्या मनातलं नाही बरं का," ते म्हणाले. "छापीलच आहे."

सटवाजींचा हात छातीवर गेला. आले होते कपची काढून घ्यायला. आता पदक काढून द्यायची पाळी आली होती.

मकबूल तडक बाहेर पडला आणि कचेरीखालच्या सलूनमधून आरसा घेऊन आला. तो सटवाजींच्या नडगीपुढं तिरका धरला. साहेबांनी मागून पाहिलं: पाय उजवा, आणि आरशात वण. दोन्ही एकाच वेळी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सत्य दिसलं," ते म्हणाले. "पण ही प्रतिमा आहे. प्रतिमेवर 'मूळ पाहून खात्री केली' अशी राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागेल."

मकबूल आरसा काखेत मारून नांदेडभर फिरला. एका दयाळू अधिकाऱ्यानं आरशात स्वतःचे केस सारखे करून घेतले आणि काचेवर जाड पेनानं सही ठोकली. आरसा लाल फितीनं फायलीला बांधण्यात आला. सलूनवाला अजूनही येऊन विचारतो. प्रकरण बंद झाल्याशिवाय पुरावा परत करता येत नाही, असं त्याला दरवेळी चहा देऊन सांगितलं जातं.

आदेश लवकर निघाला, म्हणजे दिवाळी उलटल्यावर. उजव्या पायाची जखम मान्य करण्यात येत होती. डाव्या पायाची पूर्वीची नोंद सक्षम अधिकाऱ्यानं केलेली असल्यामुळं ती रद्द करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पदक कायम ठेवण्यात आलं होतं. सटवाजी आता सरकारमान्यतेनं दोन्ही पायांनी जखमी झाले होते.

"अभिनंदन, काका," लातूरला डॉक्टर नाझनीन मनापासून म्हणाल्या. "आता उजवाही करता येईल. नोंदींच्या ज्येष्ठतेनुसार आधी डावा."

"डाव्यात काय करनार?"

"काही नाही. नावापुरती चीर, नावापुरते टाके. औपचारिकता. त्याशिवाय उजव्याचा नंबर लागत नाही."

सटवाजींनी डाव्या पायावरून हात फिरवला. शेवटी हुकूम म्हणजे हुकूम. "उजव्याचा नंबर लागत असंल, तर डाव्याला सांगतो म्या, जरा सोस म्हणून."

डाव्यानं सोसलं. अहवाल आला: कपची आढळली नाही, शस्त्रक्रिया यशस्वी. आता डावा पाय पूर्ण बरा झाल्याचा दाखला आणला, की उजव्याची तारीख मिळणार होती. दाखला नांदेडला मिळायचा.

वीरण्णा साहेबांनी पुन्हा चहा मागवला. "चालून दाखवा," ते म्हणाले. सटवाजी दारापासून मेजाकडं चालत गेले. डाव्याचे टाके कधीच भरून आले होते. लंगडत होता तो उजवा. तो साहेबांच्या डावीकडं होता.

"अरेरे," साहेब कळवळले. "डावा अजून सुधारला नाही."

"साहेब, पाठ करून चालू का?"

"नको, नको. मागं एकदा त्यानं किती घोळ झाला. असं करा, तेल चोळा. डावा सुधारला की या."

थोडक्यात, उजवा बरा झाल्याशिवाय डावा बरा होणार नव्हता, आणि डावा बरा झाल्याशिवाय उजव्याला कोणी हात लावणार नव्हतं. मकबूलनं हे एसटीत वाहकाला समजावून सांगितलं. वाहक म्हणाला, "बरोबरच हाय की मंग त्यांचं."

सप्ताह आला. सटवाजींनी पहाटेचे पहारे दात-ओठ खाऊन काढले. कोणी पाहत नसलं, की ते मंडपाच्या खांबाला उजवा खांदा टेकवत. काल्याच्या दिवशी मात्र वीणा गळ्यात घेऊन त्यांना सगळ्यांसमोर, भागवत महाराजांच्या कीर्तनात उभं राहायचं होतं. मंडप गच्च भरला होता. मकबूलनं मुद्दाम येऊन पखवाजाच्या पुडीवर शाई बसवून दिली होती आणि खांबाशी मांडी घालून तो ऐकत होता. पुढच्या रांगेत, बायांमध्ये, सिंधूबाई बसल्या होत्या.

महाराजांचा गळा गोड, आणि मन गळ्याहून गोड. काल्याच्या अभंगावरून ते भक्तीवर आले, भक्तीवरून शौर्यावर, आणि शेवटी मागं वळून सटवाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्या वीरानं देशासाठी आपला पाय दिला. सांगा मंडळी, कोणता पाय?"

सगळा मंडप सटवाजींकडं तोंड करून बसलेला होता. सगळ्यांनी पाहिलं, बोटं दाखवली आणि प्रेमानं, एका सुरात सांगितलं, "डावा."

सटवाजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी उजवा गुडघा दुमडला. वीणा जमिनीच्या दिशेनं निघाली.

सिंधूबाई कशा उठल्या, कोणाच्या मांडीवरून, कोणाच्या टाळांवरून गेल्या, कोणाला कळलं नाही. त्या सटवाजींच्या शेजारी जाऊन, मंडपाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या उजव्या काखेत त्यांनी आपला खांदा घातला आणि दुसऱ्या हातानं वीणा वर धरली. वीणा टेकली नाही.

"माउली," महाराज कनवाळूपणानं म्हणाले, "कीर्तन चालू असताना जागा सोडू नये."

"हाव," सिंधूबाई मान डोलावत म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या राहिल्या.

मंडपात बायाबापड्यांनी डोळे पुसले. जागा मात्र दुसऱ्या कोणी सोडली नाही. सगळ्यांना बसल्या जागेवरून छान दिसत होतं. एकीनं शेजारणीला हळूच विचारलंसुद्धा, की सिंधूबाई चुकीच्या बाजूला कशी काय उभी राहिली.

त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. आपणही ही गोष्ट मन लावून वाचली, मधूनमधून हसलो, कचेरीला चार शब्दही सुनावले असतील. आता क्षणभर डोळे मिटा आणि सटवाजींना आणा डोळ्यांपुढं. लंगडता पाय आपल्या कोणत्या हाताला दिसतो? बसा, बसा. उठू नका.