दारात टेम्पो, पैसे वाटेत

"रोख? छे! आजकाल रोख कोण बाळगतं?" झटपटराव छाती फुगवून म्हणाले. "मी स्वतः बँकेत आहे! इकडे बोट टेकवलं, की तिकडे पैसे तुमच्या खात्यात!"

शनिवारची संध्याकाळ. नव्या घराच्या दारात टेम्पो उभा आणि टेम्पोत अख्खा संसार. पण ड्रायव्हरकाकांचा हिशेब सरळ होता: आधी भाडं, मग टेम्पोचं कुलूप उघडणार.

झटपटरावांनी बोट टेकवलं. घराचं डिपॉझिट भरून उरलेले पैसेही गेले आणि खातं धुतल्यासारखं स्वच्छ झालं.

"गेले बघा!"

"आले नाहीत बघा," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"जावईबापू," पायरीवर टेकलेले सासरे म्हणाले, "पैसे पायी निघालेत का?"

"अहो, गाद्या आत, भांडी आत, बाबांची औषधं आत!" बायको कळवळली. "काल मी घसा फोडून सांगत होते, रोख काढून ठेवा म्हणून!"

झटपटरावांनी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "आपला व्यवहार तपासणीसाठी थांबवला आहे. सोमवारी अधिकारी मंजूर करतील."

"पैशांना कसली आलीय सुट्टी?" झटपटरावांनी थेट मोठ्या साहेबांना फोनवर गाठलं. "साहेब, कुठल्या गाढवानं केला हा नियम?"

"तुम्हीच की! चोर सुट्टी बघून हात मारतात, म्हणून बँक बंद असताना पूर्वी कधी पैसे न पाठवलेल्या खात्यात मोठी रक्कम निघाली तर अडवायची. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या तुम्हाला!"

"मग आता सोडा ना!"

"सोडायचा अधिकार तुमचाच. तोही ऑफिसातल्या तुमच्या कम्प्युटरवरून."

फोन स्पीकरवर होता, हे झटपटरावांना बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं.

ड्रायव्हरकाकांनी औषधांची पिशवी तेवढी काढून दिली आणि टेम्पो सुरू केला. "सोमवारी बँकेच्या दारात येतो. पैसे नाही मिळाले, तर सामान गोदामात. गोदामाचं भाडं वेगळं!"

रविवार सगळ्यांनी गार फरशीवर काढला. सासऱ्यांनी उशाला जावयाचे बूट घेतले आणि दिवसभर त्या वासाबद्दल बोलत राहिले.

सोमवारी बँकेचं शटर अर्धं वर जातंय तोच झटपटराव खालून वाकून आत घुसले. अडवलेल्या व्यवहारांच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच! पण मंजुरीआधी बँकेच्या फोनवरून पैसे पाठवणाऱ्या ग्राहकाला विचारून खात्री करायची, हाही नियम त्यांचाच. कम्प्युटरनं ग्राहकाचा नंबर आपणहून फिरवला. बाहेर टेम्पोचा हॉर्न कोकलत होता. बायकोचे "झालं का?" असे मेसेज धडाधड येत होते. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. कुठला तरी अनोळखी नंबर!

"आत्ता मरायला वेळ नाही!" म्हणत झटपटरावांनी तो कट केला.

स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: 'ग्राहक फोन घेत नाही. व्यवहार संशयास्पद. रक्कम उद्यापर्यंत अडवली आहे.'

नियम अगदी चोख चालत होता.

बाहेर टेम्पो सुरू झाला.